माडीवर धारोष्ण

शुक्रवार पेठेतल्या या चाळीत मी राहायला आलो, तेव्हा एकाही माणसानं मला पाण्याला विचारलं नाही! एक गृहस्थ तर माझ्याच ट्रंकेवर बसून पेपर वाचत होता. त्याच दिवशी मी ठरवलं : नवं बिऱ्हाड येऊ दे, स्वागत कशाला म्हणतात ते या कोरड्या लोकांना हा गणपतराव दाखवील.

दाखवलं!

अठ्ठ्याहत्तर साली माडीवरच्या खोलीत कुरुंदवाडचे महंमद टेलर आणि त्यांची बायको शमशाद राहायला आले. सामान म्हणजे एक शिलाई मशीन, दोन ट्रंका आणि लग्नाचं शिवणकाम. ते दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं. शहरातलं पहिलं काम! बिघडलं तर गाशा गुंडाळून परत कुरुंदवाड.

माझी बायको चिमणाबाई म्हणाली, "कपभर चहा न्या की."

"चहा? चहा काय, कुणीबी पाजतंय! मी धारोष्ण दूध पाजणार!"

आता आमच्या कोल्हापुरात धारोष्ण म्हणजे चरवीतनं आणलेलं नव्हे. म्हैस समोर उभी पाहिजे, धार पेल्यात पडताना दिसली पाहिजे, फेस मिशीला लागला पाहिजे. डोळ्यांआड काढलेलं दूध आम्ही सख्ख्या सासऱ्याचंही पीत नाही.

"मग पावण्यास्नी खाली बोलवा," जोतीराम गवळी म्हणाला.

"खाली? ती काय हौदावर आलेली जनावरं हायत? दारात पाजायचं! तुझी म्हैस माडी चढंल का न्हाय, एवढंच सांग."

जोतीरामची छाती फुगली. "पेंड दावा, जोतिबाचा डोंगर चढंल!"

चढली! पेंडीच्या मागं जिना असा चढली, जणू खोली तिच्याच नावावर होती. अरुंद गॅलरीतनं दारापर्यंत आली. जोतीराम धारेला बसला. इथंच थांबलो असतो तर आज मी शहाणा ठरलो असतो. पण स्वागत म्हटल्यावर हलगी नको? खाली उभ्या केलेल्या हलगीवाल्याला मी खूण केली. हलगी कडाडली, म्हैस उधळली, आणि वळायला जागा नाही म्हणून सरळ खोलीत शिरली!

"या अल्ला!" शमशादभाभी ट्रंकेवर चढल्या.

"भिऊ नका भाभी, गरीब हाय ती!" मी बाहेरनं ओरडलो.

"गणपतराव, तुमची गरीब म्हैस नवरीच्या चोळीची बाही खातीया!" महंमदभाई आतनं ओरडले.

चोळी हिरव्या खणाची. म्हशीला काय, ओली वैरण! एक टोक महंमदभाईंनी धरलं, दुसरं म्हशीनं. बाही म्हशीकडं राहिली.

मग तिला जिन्याच्या तोंडाशी आणली. तिनं खाली बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मागच्या मागं सरकत खोलीत जाऊन शिलाई मशीनीला टेकून बसली. पेंड दाखवली, ढकललं, शिव्या घातल्या. शेजारच्या तालमीतले पैलवान आणले. ते घामाघूम, ही निवांत रवंथ करतीया!

"जोतीराम, उतरव की लेका!"

"चढंल म्हणलो मी. उतरंल म्हणलो न्हाय."

महंमदभाईंनी कपाळाला हात लावला. "सकाळी नवरी बोहल्यावर, आणि माझी मशीन म्हशीखाली! चल शमशाद, आपलं कुरुंदवाडच बरं."

चिमणाबाईनं पदर खोचला. "कशाला परत? मशीन आमच्या खोलीत मांडा. तसलाच हिरवा खण माझ्याकडं हाय. काजं मी करते. चला भाभी!"

पैलवानांनी म्हैस सोडून मशीन उचलली.

"आणि मी कुठं झोपू?" मी विचारलं.

"तुमची पावणी वर बसलीया. तिला एकटी सोडताय व्हय?"

चोळी सकाळी वेळेवर गेली, हे आधीच सांगून टाकतो. महंमदभाईंचा जम बसला. खाली, माझ्या खोलीत!

माझं म्हणाल, तर त्या संध्याकाळी उशी काखेत मारून मी वर गेलो. म्हशीनं रवंथ थांबवलं, मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि जरा सरकून जागा करून दिली.

खोटं कशाला बोलू? या चाळीत माझं असं स्वागत पहिल्यांदाच झालं.