येतो म्हणजे कधी?

आमच्या जळगावच्या घरातून कुणालाही नुसतं निघून जाता येत नाही. आधी 'येतो' म्हणावं लागतं. तेही तीनदा. त्यानंतर अक्का विचारते, "कधी?"

गॅसची टाकी आणणारा नवा माणूस पहिल्या खेपेला रिकामी टाकी खांद्यावर टाकून "चला, जातो अक्का" म्हणत फाटकापर्यंत पोचला होता. अक्काने त्याला मागे बोलावलं, टाकी खाली ठेवायला लावली.

"जातो नाही. येतो म्हणा."

"येतो."

"अजून दोनदा."

त्याने आईकडे बघत बघत म्हटलं.

"कधी?"

"आता… तुम्ही नंबर लावाल तेव्हा."

हे उत्तर अक्काला इतकं पटलं की तिने त्याला थंड पाणी दिलं. "नीट बोलणारा माणूस आहे," असं ती आईला म्हणाली. हल्ली तो टाकी उचलता उचलता एका दमात म्हणून टाकतो, "येतो-येतो-येतो, नंबर लावाल तेव्हा."

अक्का माझी थोरली बहीण, पन्नाशी ओलांडलेली. ती आणि आई जळगावला राहत. मी धुळ्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. आई जाऊन फार दिवस झालेले नाहीत. खरं तर आईवर काही लिहावं म्हणून बसलो होतो, पण दर वाक्याच्या दारात अक्का उभी राहते.

शब्द दिला की तो तिला खरा वाटतो. शेजारच्या अलकावहिनी एकदा सहज म्हणाल्या, "या की अक्का, भरीत खायला." "कधी?" "अहो, कधीपण या." अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आपलं ताट घेऊन त्यांच्या दारात हजर. वहिनींच्या तोंडात ब्रश होता. पुढे महिनाभर गल्लीला हा किस्सा पुरला. अक्का मात्र मला फोनवर विचारत होती, "विनू, कधीपण नव्हतं, तर कधीपण का म्हणाल्या?" आयुष्य पुस्तकांत गेलं, पण याचं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

डाळ मिलच्या ऑफिसात ती टायपिंग करायची. मालक संध्याकाळी म्हणत, "उद्या बघू." ही सकाळी त्यांच्या टेबलासमोर उभी. "बघा." शेवटी त्यांनी तिला घरी बसवलं, तेव्हाही "कळवतो" म्हणाले. त्यांनी काय कळवलं, हे ती अजून विचारते.

याला लोक विक्षिप्तपणा म्हणतात. लिंबू उतरवायला सांगणारे, भगताचा पत्ता देणारे, 'वेळेवर लग्न केलं असतं तर सुधारली असती' असं आईला तोंडावर सुनावणारे, सगळे आमच्याकडे चहा पिऊन गेले. जाताना तीनदा 'येतो' म्हणणं मात्र त्यांच्या जिवावर यायचं.

या सगळ्यांत पाचोऱ्याचा मामा पहिला. आईचा धाकटा भाऊ. अक्का त्याला करमणूक वाटे. मोटरसायकलवर बसायचा आणि ओरडायचा, "अक्का, मी चालनू! येस नही, चालनू!" म्हणजे, येतो म्हणत नाही, निघालो. मग किक. अक्का अनवाणी कोपऱ्यापर्यंत धावायची, "मामा, म्हण! मामा, म्हण!" गल्ली पोट धरून हसायची. लग्नाकार्यात जेवणं झाली की मामा त्या धावण्याची नक्कल करून दाखवायचा. या माणसाचा मला आयुष्यभर राग आला आहे. तो आता म्हातारा झाला म्हणून राग आवरता घ्यावा, असं मला वाटत नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी फार वर्षांपूर्वी 'ओसीडी' असं नाव सांगितलं होतं. गोळ्यांनी तिचं सारखं हात धुणं कमी झालं. तीनदा म्हणायला लावणं तेवढं राहिलं. गेल्या वर्षी मी तिला धुळ्याला एका तरुण डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तिला मधे न तोडता बोलू दिलं. हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. नंतर त्या म्हणाल्या, कदाचित ऑटिझमही असेल, जन्मापासूनचा. पण नक्की सांगायचं तर लहानपणी हिला पाहिलेलं कुणीतरी यायला हवं.

नातेवाइकांना कळलं तसे ते म्हणाले, या वयात आणखी एक नाव कशाला? अक्काला मात्र ते हवं होतं. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "तीनदा म्हणायला लावताना मला लाज वाटते, विनू. पण नाही लावलं तर छाती आवळते. ते माझं नाही. 'कधी' विचारणं मात्र माझं आहे. ते कुणी बरं करू नये. माझं कुठलं आणि आजाराचं कुठलं, एवढं मला कुणीतरी नीट सांगावं."

एवढी स्वच्छ मागणी मी कुठल्या शहाण्या माणसाकडून ऐकलेली नाही.

आई यायला एका पायावर तयार होती. "पाळण्यापासूनचं सांगते," म्हणाली. मंगळवारची वेळ मिळाली. त्याआधीच आईला दम लागला, अँब्युलन्स आली, आणि आई परत आली नाही. अक्काचं लहानपण पाहिलेलं माणूस गेलं. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान. मी काय सांगणार?

दुःखाच्या घरातून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. अशा कारणाने पुन्हा येणं नको, म्हणून. मुकाट्याने उठायचं, चपला घालायच्या, निघायचं. भेटायला आलेलं अख्खं गणगोत असं एकेक करून उठून जात होतं. अक्का दाराची चौकट धरून उभी असे. प्रत्येकामागे तिचे ओठ हलत. "आईच्या नावाने जप करते बिचारी," असं बायका म्हणत.

एका दुपारी स्वयंपाकघरात मी तिला विचारलं, काय पुटपुटतेस?

"त्यांचं 'येतो' मी म्हणते. तीनदा. नाहीतर रस्त्यात काहीतरी होईल त्यांना."

इतकी वर्षं तिने कारण सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

"आईने दोनदाच म्हटलं," अक्का म्हणाली. "तोंडावर मास्क होता. मी थांबा म्हणत होते. तुम्ही सगळे माझ्यावर ओरडलात आणि अँब्युलन्सचं दार लावलंत."

"अक्का, तसं नसतं गं."

"मला माहीत आहे तसं नसतं!" ती एवढ्यांदा ओरडली की ओट्यावरचं भांडं खाली आलं. "माहीत असून वाटतं. तोच तर आजार आहे!"

उत्तरकार्य, गंधमुक्ती आटोपली. जेवून मंडळी हात पुसत बाहेरच्या खोलीत बसली होती. मामा रंगात आला. "अक्का चार वरीसनी व्हती तवय बी अशीच. मी 'येस' म्हनी गऊ, तर परत येवापावत पोरगी वट्टावरथीन उठनी नही! जेवन बी तठेच! मी उनू, तर पहिला सवाल, 'इतका उशीर का?'"

मामा परत येईपर्यंत चार वर्षांची पोर ओट्यावरून हलली नाही, जेवलीही तिथेच, यावर लोक दबून हसले. ज्या घरातून आई नुकतीच गेली होती, त्या घरात. मामाला हाताला धरून बाहेर काढावं म्हणून मी उठलो, आणि उठता उठता माझ्या लक्षात आलं, हाच. अक्काला लहानपणी पाहिलेलं माणूस हाच उरला आहे.

मामा चपला घालत होता. मी दारात आडवा उभा राहिलो.

"मामा, येतो म्हणा."

"दुखना घरमा म्हनतस नही, भो."

"म्हणा."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"येस," मामा म्हणाला.

"कधी?" चौकटीपाशी उभ्या असलेल्या अक्काने विचारलं.

मामा माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

"येत्या मंगळवारी," मी म्हणालो. "धुळ्याला, तिच्या डॉक्टरांकडे. आत्ता जे हसत सांगितलंत, ते तिथे न हसता सांगायचं."

मामा ओटा उतरला, मोटरसायकलवर बसला. किक मारण्याआधी मान खाली घालून म्हणाला, "येस." थोडा थांबला. "येस."

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत अक्का बघत राहिली. मग तिने चौकट सोडली.

"तो 'चालनू' म्हणून पळायचा," मी विचारलं, "तेव्हाही तू त्याचं म्हणायचीस?"

"त्याचं तर आधी," अक्का म्हणाली. "तो हेल्मेट घालत नाही."