आश्लेषा मगदूमचा सत्कार

आंतरराष्ट्रीय ट्रॅम्पोलिनपटू आश्लेषा मगदूम हिने जानेवारीत मारलेली उडी ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी खाली आली. अकरा देशांत उड्या मारून ती प्रत्येक वेळी रीतसर उतरली होती. आमच्या तालुका क्रीडा संकुलात सराव करताना मात्र ती वर गेली ती गेलीच. संकुलाचे छप्पर वादळात उडाले होते आणि नव्या पत्र्यांची फाइल अजून फिरत होती, हे एका परीने बरेच झाले.

तिचे प्रशिक्षक बाबर सर तेव्हापासून ट्रॅम्पोलिनच्या कडेला उभे होते. खेळाडू हवेत असताना कडेच्या माणसाने वर बघत राहायचे, जागा सोडायची नाही, असा या खेळाचा नेम आहे.

ऑगस्टमध्ये संकुल समितीने आश्लेषाचा सत्कार ठरवला. इतका वेळ हवेत राहिलेली दुसरी खेळाडू तालुक्यात नव्हती. व्यासपीठाला जागा एकच होती आणि तिथे ट्रॅम्पोलिन होते.

"हे स्टोअररूममध्ये टाकूया," अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले.

"पोरगी वर आहे, आप्पासाहेब. उतरायची कुठं?"

"दोन तासांचा कार्यक्रम, सर. सात महिने आली नाही, ती नेमकी रविवारीच येणार होय?"

"वर तिला वार कुठले कळायला?"

"मग तसा अर्ज द्यायचा होता तिनं. असू दे, जबाबदारी माझी."

आपल्याकडे जबाबदारी घेतली की कुठलीही वस्तू हलवता येते. ट्रॅम्पोलिन हलले.

रविवारी प्रमुख पाहुणे भाषणाला उठले, त्यामुळे त्यांचा स्प्रिंगचा सोफा रिकामा होता. आश्लेषा त्यावर उतरली.

"सर, ट्रॅम्पोलिन?" तिने विचारले.

"आत ठेवलंय, बाळ. तुझा सत्कार आहे."

"बरं," ती म्हणाली. आप्पासाहेबांनी चपळाईने तिच्या हातात नारळ दिला, फोटो निघाला आणि सोफ्याने तिला परत वर पाठवले. शाल द्यायची राहून गेली. पाहुण्यांनी भाषण पुढे चालू केले. बाबर सर व्यासपीठाच्या पायरीवर बसून रडले. सात महिने डोळे लावून बसलेल्या माणसाने दुसरे काय करायचे?

संध्याकाळी मांडववाल्यांनी सोफा नेला आणि ट्रॅम्पोलिन अंदाजाने जागेवर आणून ठेवले. सर म्हणाले, सोफ्यावरून गेलेला माणूस जरा तिरका जातो, तेव्हा नीट मोजून ठेवा. आप्पासाहेब म्हणाले, हात-दोन हात इकडेतिकडे चालायचेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी नारळ खाली आला. तो ट्रॅम्पोलिनच्या बाहेर, दोन हात पलीकडे फरशीवर पडला आणि फुटला.

आप्पासाहेबांनी ते तुकडे पाहिले. मग त्यांनी चपला काढल्या आणि सरांच्या बरोबरीने ट्रॅम्पोलिन दोन हात पूर्वेला ढकलले. आता ते समोरच्या कडेला वर बघत उभे असतात. समितीच्या बैठकाही तिथेच होतात; सह्या ते खाली न बघता करतात.