संगप्पाची चांदणी

संगप्पाला गिरणीत लागून दुसरं वर्ष सरत आलं तरी तो टेंपररीच होता. सासऱ्यानं लग्नातच बजावलं होतं, "जावई, कायम व्हा. मग नीलम्माला धाडतो." तेव्हापासून बायको माहेरी मैंदर्गीत, नवरा सोलापुरात आणि मधे मॅनेजरसाहेबांची एक सही. ती सही काही केल्या होत नव्हती.

काम मात्र गिरणीत दुसऱ्या कुणाला येणारं नव्हतं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं वापरून टाकलेला कम्प्युटर साहेबांनी हौसेनं आणला होता, आणि गिरणीतली एकमेव थंड खोली त्याला दिली होती. कामगारांची हजेरीकार्डं त्यावर छापली जात. मशीन चालायचं ते पोटातल्या सिस्टिमवर, आणि ह्या मशीनला सिस्टिमी दोन होत्या. नवी हुशार, पण लहरी. मनात आलं की रुसून बसायची. मग जुनी चढवायची. ती मंद होती, पण बिचारी कामाला नाही म्हणत नसे. साहेबांचा हुकूम होता, "प्रोग्रॅम दोन्हीवर चालला पाहिजे. सून आली म्हणून कुणी सासूला घराबाहेर काढत नाही."

प्रोग्रॅम अडला की मशीन मुकं होई. कुठं अडलं ते काही सांगत नसे. म्हणून संगप्पानं एक युक्ती केली होती. प्रोग्रॅममध्ये जागोजागी त्यानं खुणा पेरल्या होत्या. खुणेपर्यंत मशीन पोचलं की एक चांदणी छापायचं. शेवटची चांदणी जिथली, तिच्यापुढं घोटाळा. नव्या सिस्टिमवर ह्या चांदण्या टेबलावरच्या लहानशा टाइपरायटरवर उमटत आणि त्या संगप्पाखेरीज कुणी बघत नसे. जुन्या सिस्टिमला मात्र तोंड एकच, मोठा प्रिंटर. तिथं चांदणी छापली तर ती थेट कामगाराच्या कार्डावर जायची. म्हणून त्यानं चांदणीला शिकवलं, आधी सिस्टिमला विचार, 'तू नवी का?' हो म्हणाली तर बोल, नाही तर गप्प बस.

तपासणीसाठी त्यानं स्वतःचं नाव कायम कामगारांच्या गठ्ठ्यात घातलं होतं. तपासणीला कुणाचंही नाव चाललं असतं, पण तिथं आपलं नाव बघायला त्याला बरं वाटायचं. दोन्ही सिस्टिमींवर कार्ड बिनचांदणीचं, स्वच्छ निघालं. आता तरी साहेब खूश होतील असं त्याला वाटलं. ज्याच्या नशिबात असलं काही नसतं, त्यानं असं वाटून घेऊ नये.

महिनाअखेरीला नवी सिस्टिम रुसली. जुनी चढवली, कार्डं निघाली. वरची दोनचार बघून संगप्पानं गठ्ठा टाइम ऑफिसात धाडला.

त्याला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की जुन्या सिस्टिमला त्याचा प्रश्नच कळत नव्हता. ती झाली तेव्हा नवी कुठं होती? पण 'मला कळलं नाही' म्हणायचीही तिला सवय नव्हती. प्रश्न आला, की हाताशी आधीचं जे काही उरलेलं असेल तेच ती उत्तर म्हणून पुढं करायची. कधी ते 'नाही' निघे, कधी 'हो'. त्यामुळं काही नावांपुढं चांदणी आली आणि काहींपुढं नाही.

सकाळी कार्डं वाटली आणि वाइंडिंग खात्यातली दगडाबाई मागांच्या साचे खात्यात धोंडीरामला शोधत आली. धोंडीराम बार्शीकडचा, साच्यांवरचा जॉबर, म्हणजे मुकादम, आणि युनियनचा पुढारी.

"दादा, माज्या नावाम्होरं ही चांदणी कसली?"

धोंडीरामनं आपलं कार्ड बघितलं. त्याच्यावर चांदणी नव्हती. त्यानं सुस्कारा सोडला.

"काय सांगू बाई? कपात हुनार हाय म्हनत्यात. त्येंच्या नावाम्होरं खुना केल्यात."

दगडाबाईनं तिथंच बसकण मारली आणि चांदणी काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चांदणीवाले सगळे तिच्याभोवती जमले. बिनचांदणीवाले त्यांची समजूत घालू लागले. दुसऱ्याच्या दुःखात माणूस फार शहाणपणानं बोलतो.

जेवणाच्या सुट्टीत मात्र कुणीतरी बातमी आणली. "आवो, टाइमकीपरच्या कार्डावरबी चांदणी हाय! साहेबाचा मेव्हना त्यो. त्येला कोन काढतंय?"

झालं! कपातीची चांदणी घटकेत बढतीची झाली. दगडाबाईनं डोळे पुसले, कार्ड कनवटीला लावलं आणि पुन्हा कुणाला बघू दिलं नाही. धोंडीरामचं तोंड उतरलं. बिनचांदणीवाल्यांनी साचे बंद केले आणि सगळी गिरणी फाटकाशी गोळा झाली.

साहेब स्टुलावर चढले. "मित्रहो, ही मशीनची चूक आहे!"

"आसं कसं?" धोंडीराम ओरडला. "बजाबाईला फुकटचा खाडा पडला तवा तुमीच म्हनला हुता, काम्पुटर चुकत न्हाई. आता चुकला व्हय? मंग समदे जुने खाडे काढा भाईर!"

"काढा! काढा!" फाटक दणाणलं.

साहेब स्टुलावरून उतरले आणि त्यांनी संगप्पाला आत बोलावलं.

"चूक कुणाची?"

"माजी, सायेब. म्हंजे जुन्या शिस्टिमला ते इचारलेलं..."

"चूक झालेलीच नाही," साहेब म्हणाले. "समजलं?"

बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं, की चांदणी ही कायम कामगाराची निशाणी आहे. शाई कमी पडली म्हणून ती सगळ्यांना मिळाली नाही. सोमवारी नवी कार्डं निघतील आणि प्रत्येक कायम कामगाराला चांदणी मिळेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. संगप्पासारखे टेंपररी, बदली कामगार तेवढे खाली मान घालून उभे राहिले.

नेमका त्याच दिवशी संगप्पाचा सासरा शिवलिंगप्पा बाजाराला सोलापुरात आला होता. फाटकासमोर चहा पिताना त्यानं हे सगळं ऐकलं, आणि संगप्पा बाहेर पडताच त्याला गाठलं.

"येन्री जावई, तुमचं कार्ड दाखवा की."

संगप्पाच्या कार्डावर ठसठशीत चांदणी होती.

"मामा, ते तसं न्हाई..."

"आता लाजताय कशाला? सोमवारी नीलम्माला घिऊनच येतो!"

खरं सांगायला संगप्पानं तोंड उघडलं. सांगायलाच हवं होतं. पण एकट्यानं भाकरी थापून खाऊन तो कंटाळला होता, आणि उघडलेल्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं, "सोमवारी कंच्या गाडीनं?"

पुढचे दिवस तो थंड खोलीतून हलला नाही. साहेबांचा हुकूम होता, की चांदणी आता दोन्ही सिस्टिमींवर हुबेहूब एकाच जागी आली पाहिजे. जुनीनं न समजून केलेली चूक नवीला समजावून शिकवायची होती, आणि नवी शिकायला तयार नव्हती. शेवटी शिकली. साहेब कार्डं चाळू लागले आणि एका कार्डापाशी थांबले.

"हे काय? तुम्ही तर टेंपररी ना?"

"सायेब, तेवढी सही केली तर..."

"कशाला?" साहेब मनापासून म्हणाले. "दोन्ही सिस्टिमी आता इतक्या छान चालताहेत, की पुढं तुम्हाला काम तरी काय द्यायचं ह्याचीच मला काळजी आहे."

संगप्पानं कायम लोकांच्या गठ्ठ्यातून आपलं नाव उपसलं आणि बदल्यांच्या गठ्ठ्यात घातलं. एवढं काम मात्र दोन्ही सिस्टिमींवर पहिल्याच फटक्यात बिनचूक झालं.

सोमवारी संध्याकाळी साखर पेठेतल्या खोलीवर शिवलिंगप्पा नीलम्माच्या ट्रंकेवर बसला होता. नीलम्मानं आल्या आल्या स्टोव्ह पेटवून चहा ठेवला होता.

"नवं कार्ड मिळालं का?"

संगप्पानं दिलं. शिवलिंगप्पानं ते उजेडात धरलं, उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं.

"चांदणी?"

"न्हाई."

"आख्ख्या मैंदर्गीत सांगून आलोय मी. ह्या चांदण्या काढतो कोन?"

"मीच."

"समद्यांच्या नावाम्होरं?"

"व्हय."

"मग तुमच्या नावाम्होरं का न्हाई?"

नीलम्माही वळून बघू लागली. संगप्पाच्या हाताशी तिनंच दिलेला चहाचा कप उरला होता, तो त्यानं पुढं केला.

"मामा, चहा घ्या."

शिवलिंगप्पानं चहा घेतला. ट्रंकेवरून मात्र तो उठला नाही. कप रिकामा करून त्यानं विचारलं, "मैंदर्गीला शेवटची गाडी कवा हाय?"