गफूरभाई ‘सुस्थितीत’ लिहीत नाहीत

"कसे आहात?" विचारलं की आमच्या ऑफिसातले शाखा अभियंता गफूरभाई सांगायचे, "उभा हाय." बरा कधी म्हणायचे नाहीत. "बरा हाय का न्हाई, ते तपासल्याबिगर कसं सांगू?"

पुतण्यासाठी पोरगी बघायला यांना सोबत नेलं, ही माझीच अक्कल. पोरगी कशी वाटली, असं तिच्या बापानं विचारलं. गफूरभाई म्हणाले, "चालत आली." सोयरीक मोडता मोडता वाचली!

तर रेल्वेवरच्या जुन्या पुलाची तपासणी यांच्याकडं आली. हातोडी घेऊन तीन दिवस पुलाखाली. खांबाच्या तड्यावर काचेची पट्टी चिकटवली. तडा वाढला की काच फुटते. आठवड्यात फुटली. अहवालात ‘पुलाची स्थिती’ या रकान्यात आजवर सगळ्यांनी डोळे झाकून ‘सुस्थितीत’ लिहिलेलं. यांनी लिहिलं, ‘उभा आहे. जड वाहनं बंद करावीत.’

साहेब भडकले. उसाचा हंगाम, ट्रॅक्टर कुठून जाणार? "सुस्थितीत लिहा."

"उभा हाय, ते मी पाह्यलं. सुस्थितीत तुम्ही पाह्यला असल तर तुम्ही लिहा. पेन देऊ का?"

रिटायर व्हायला दोन महिने उरलेले आणि ही भाषा. साहेबांनी माझ्या हातात, म्हणजे जावक क्लार्कच्या हातात, कोरा फॉर्म दिला. गफूरभाईंच्या घरी जाऊन ‘सुस्थितीत’वर सही आणा, नाहीतर त्यांना सस्पेंड करतो. मलाही रागच आला होता. एका शब्दापायी पेन्शन घालवून राहिला हा माणूस!

घरी गेलो तर गफूरभाई अंगणात एका लंगड्या देवणी बैलाचा पाय तेलानं चोळत बसलेले. भाभी गेल्यापासून घरात दुसरं कुणी नाही.

"शेतरस्त्यावर छोटा पूल होता," ते मान वर न करता म्हणाले. "मी न बघताच सुस्थितीत लिहिलं. बैलगाडीसकट खचला. मालकाला हा कामाचा उरला न्हाई, मी घेऊन आलो. याचा पाय माझ्या सहीनं मोडला."

मी तेलाची वाटी त्यांच्याकडं सरकवली.

"याला निदान घरी आणता आलं," ते म्हणाले. "उद्या रेल्वेच्या पुलावरून खाली रुळावर पडलेल्या माणसाला मी कुठून आणू?"

फॉर्म मी पिशवीतून काढलाच नाही. सकाळी साहेब यायच्या आत गफूरभाईंचा अहवाल होता तसा, जावक नंबर टाकून, वरच्या ऑफिसला पाठवला.

आता नोटीस मलाही आलीय. येऊ द्या की.