तानू खारीचा सिनेमा आणि बगळेसाहेबांची जाहिरात

एका जंगलात, शुक्रवारी सकाळी बरोबर सहा वाजून चाळीस मिनिटांनी, एक सिनेमा लागला. तुम्हाला माहीत नव्हतं ना, बाळांनो? वाईट वाटून घेऊ नका. जंगलालाही माहीत नव्हतं.

सिनेमा होता तानू खारीचा. हलत्या चित्रांचा. तीन उन्हाळे बसून तिने वडाच्या पानांवर एकेक चित्र काढलं होतं. पाडसाने पाय उचलला, एक पान. पाय जरा पुढे गेला, दुसरं पान. काजव्यांच्या उजेडात ती पानं भराभर उलटली, की पाडस खरंच पळायला लागायचं.

गोष्ट वाट चुकलेल्या पाडसाची होती. मागच्या साली जंगलात खरोखरच दोन पाडसं चुकली. ती परत आलीच नाहीत. तेव्हापासून तानूच्या जिवाला घोर लागला होता. आपल्या पोरांना चार गोष्टी सांगायला जावं, तर ती ऐकतील तर शपथ. दिवसभर माकडांच्या टिवल्याबावल्या बघत तोंड उघडं टाकून बसायची. बघायचंच आहे ना मेल्यांनो, मग हे बघा, म्हणून तिने हा सगळा खटाटोप मांडला.

गुहा अस्वलीणबाईंची. करार असा होता, की रविवारी दिवस मावळेपर्यंत गुहा एकदा तरी भरली, तर सिनेमा महिनाभर चालेल. नाही भरली, तर गुहा गेंड्याच्या सिनेमाला आणि तानूची पानं अस्वलीणबाईंच्या अंथरुणाला. करारावर तानूच्या वतीने बगळेसाहेबांचा पंजा उमटलेला होता.

बगळेसाहेब म्हणजे जंगलाचे प्रसिद्धी अधिकारी. दरबाराने त्यांना नेमलं, कारण ते पांढरेशुभ्र दिसत आणि कधी वावगं बोलत नसत. वावगं काय, काहीच बोलत नसत. जन्मभर तळ्यात एका पायावर गप उभं राहून त्यांनी मासे धरले होते, आणि तेवढ्या एका विद्येवर सगळं जग चालतं अशी त्यांची पक्की समजूत होती.

पहिला खेळ संपला तशी तानू धावत तळ्यावर गेली.

"साहेब, गुहेत तिघंच होते. त्यातलं वटवाघूळ तिथंच राहतं. आणि दुसरी माझी सासू."

"तिसरं कोण?"

"मीच."

"मग आरंभ चांगला आहे," बगळेसाहेब डोळे न उघडता म्हणाले. "तानूबाई, एक ध्यानात घ्या. गलका केला की मासा पळतो. आपण स्तब्ध उभं राहायचं. मासा आपल्या पायाने येतो."

"माशाला पाय नसतात, साहेब."

"म्हणून तर वेळ लागतो."

तिने पोस्टरचं विचारलं. तर एक लावलं होतं म्हणे, गुहेच्या आत, मागच्या भिंतीवर. बाहेर का नाही? तर बाहेरच्यांनी सिनेमा पाहिलेला नाही, त्यांना पोस्टरमधलं काय कळणार. दवंडीचं विचारलं, तर गर्दी जमली की लगेच दवंडी पिटू म्हणाले. रिकाम्या गुहेची दवंडी पिटली तर खात्याचं हसं होतं. आणि हो, तुम्ही स्वतः कुठे सांगत फिरू नका, ते हलकं दिसतं. एवढं बोलून साहेबांनी पाय बदलला. त्या दिवसाचं त्यांचं काम तेवढंच.

तिकडे गेंड्याच्या सिनेमाचा मात्र वर्षभर नुसता गजर चालू होता. झाडाझाडावर माकडं त्याचं नाव घेऊन बोंबलत होती. सिनेमा अजून काढायला घेतला नव्हता, पण त्याच्या शिंगाच्या टोप्या पोराटोरांच्या डोक्यावर चढून जुन्यासुद्धा झाल्या होत्या. तानूचा थोरला तसलीच टोपी घालून घरात हिंडत होता.

"आई, तुझ्या सिनेमाची टोपी कुठाय?"

"माझ्या सिनेमाला टोपी नाही, राजा."

"मग तो सिनेमा कसला?" तो म्हणाला आणि माकडं बघायला निघून गेला.

शनिवारी तानूने लाज गुंडाळून ठेवली आणि पाणवठ्यावर गेली. भेटेल त्याला सांगत सुटली. कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. सगळ्यांनी अगदी सभ्यपणे एकच सांगितलं, की बाई, सिनेमा चांगला असता तर आम्हाला कळलं नसतं का? सांबरीण तर जाता जाता म्हणाली, स्वतः सांगावं लागतंय म्हणजे काहीतरी खोट असणार. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं, तसा दिवस गेला.

रविवारी दुपारी भिमाबाई साळिंदर दोन पोरांना घेऊन गुहेत शिरली. सिनेमासाठी नव्हे, गारव्याला पोरं झोपतील म्हणून. पोरं झोपली नाहीत. पाडस वाट चुकलं तेव्हा धाकटा आईच्या काट्यांची पर्वा न करता तिला बिलगला. संपल्यावर थोरली म्हणाली, आपण चुकलो तर हलायचं नाही, तिथंच थांबून हाक मारायची, हो ना गं? भिमाबाईने डोळे पुसले, तानूचा हात धरला आणि काही न बोलता बाहेर पडली.

बोलली ती बाहेर. आणि अशी बोलली, की दोन तासांत सगळं जंगल पोरं काखोटीला मारून निघालं. सांबरीण सगळ्यांच्या पुढे होती.

रांग गुहेपाशी पोचली, तेव्हा सूर्य डोंगराआड गेलेला होता.

तानूने अस्वलीणबाईंचे पाय धरले. एकच खेळ होऊ द्या म्हणाली. अस्वलीणबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी रांगेकडे नीट पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"रांग दिसतेय मला, पोरी. पण करार रांगेचा नव्हता, गुहेचा होता."

आणि त्यांनी पानांवर अंग टाकलं. तीन उन्हाळे एकदाच चुरचुरले.

सोमवारी गेंड्याचा सिनेमा लागला. म्हणजे लागला नाही, कारण तो झालाच नव्हता. पण गुहा खच्चून भरली. सगळ्यांनी टोप्या घालून दोन तास अंधार बघितला आणि घरी जाऊन छान होता म्हणून सांगितलं.

पुढे दरबाराने तानूच्या सिनेमाची शोकसभा ठेवली. तिची दवंडी आठ दिवस पिटली. झाडाझाडावर पोस्टरं लागली, त्यांवर तानूच्या फोटोपेक्षा बगळेसाहेबांचा फोटो मोठा. सभेला मुंगीलाही जागा उरली नाही. जो तो हळहळला, की एवढं चांगलं काम, आणि आम्हाला कुणी सांगितलंच नाही. एका शब्दाची जाहिरात न करता रांग कशी लावली, यावर बगळेसाहेबांनी दीड तास भाषण केलं. त्यांना शाल मिळाली.

शेवटी तानूला उभं केलं. ती एवढंच म्हणाली, "मी पुन्हा पहिल्या पानापासून बसले, तर पुढच्या वेळी याल का?"

"म्हणजे काय!" सगळं जंगल एका सुरात म्हणालं. "फक्त आधी कळवा."

तात्पर्य: चांगल्या कामाला जाहिरात लागत नाही, जाहिरात लागते ती त्याच्या शोकसभेला. म्हणून शहाण्याने काही घडवायच्या आधी शोकसभेची तारीख घ्यावी, आणि जमल्यास सिनेमा तिथेच दाखवून टाकावा.

तर बाळांनो, गोष्ट संपली. आता उठा आणि शेजारच्या घरात जाऊन सांगा. चांगली असेल तर त्यांना आपोआप कळेल, असं म्हणत बसू नका.