टॉवेल हलला की दगड काढायचे

पर्यटक श्रावणात येतात, धबधब्याखाली ओरडतात आणि वेफर्सची रिकामी पाकिटं टाकून जातात. आमचे गावित गुरुजी तेव्हा घरात छत्र्या दुरुस्त करत बसतात. दसरा उलटला, गर्दी हटली, धबधबा रोडावला, की हे कॅमेरा बाहेर काढतात. जव्हार-मोखाड्यात इतका उफराटा माणूस दुसरा नाही.

मी त्यांच्या हाताखाली शाळेत वीस वर्षं काढली, म्हणून त्यांच्या निवृत्तीनंतरही माझ्यावर हुकूम चालतो. रविवारी सकाळी फोन येतो, "गाडी काढ, उजेड निसटेल." सूर्यमाळच्या वाटेवर खुरासणीची पिवळी शेतं दिसली की सात ठिकाणी थांबायचं. एकदा फोटोत आड येणारी फांदी धरून त्यांनी मला पाऊण तास उभं केलं. फोटोत नेमका माझा अंगठा आला. तो विषय ते अजून काढतात.

यंदा मात्र त्यांनी कहर केला. दिवाळी झाली, पाणी बोटभर राहिलं. धबधब्याच्या वरच्या अंगाला पाड्यातल्या लोकांनी गुरांसाठी दगडमातीचा बांध घातलाय. मी तिथं बसायचं. खालून गुरुजींनी टॉवेल हलवला की चार दगड काढायचे, आणि फोटो झाला की परत लावायचे. दोन रविवार हे निभावलं. तिसऱ्या रविवारी पाड्यातल्या काशीबाईनं मला दगडासकट पकडलं. गुरुजी धापा टाकत वर आले.

"गुरुजी, तुमी शिकलेली माणसां! फोटोपायी पाणी सोडता? गुरांनी काय प्यायचा?"

एरवी कुणाचं ऐकून न घेणारे गुरुजी मान खाली घालून बांध लिंपायला चिखल कालवू लागले. मला त्यांचा रागच आला होता. म्हटलं, "धबधबा आटलाय तर फोटो आटलेल्याचा काढा ना! फसवायचंय कुणाला?"

"सवीला."

सवी त्यांची एकुलती एक लेक. बंगळुरूला नर्स आहे. तीन वर्षांत घरी आलेली नाही.

"धबधब्याला पाणी आहे तोवर येते म्हणालीय. रजा मागतेय, मिळत नाय. दर रविवारी विचारते, पाणी आहे ना?"

"मग जुना फोटो पाठवा की."

"डोंगरातली पोर आहे ती. गवताच्या रंगावरून महिना ओळखते." त्यांनी चिखलाचे हात पँटला पुसले. "आटलेला पाठवला तर म्हणेल, आता पुढच्या वर्षी."

तीन रविवार मी या माणसाला मनातल्या मनात वेड्यात काढत होतो.

काशीबाई हंडा कमरेवर घेऊन तशीच उभी होती. तिचे दोघे मुलगे दिवाळी करून ठाण्याकडे कामाला गेलेले, आता होळीशिवाय येणार नव्हते. तिनं हंडा खाली ठेवला.

"एकच दगड काढ," ती मला म्हणाली. "आन् गुरुजींना आधी खाली पोचू दे."