डाव्या मडगार्डवरचा पोचा

"काढ ती पाटी!" सिरिल थ्रेलफॉल म्हणाला आणि विल्फ्रेड ऑकरॉइडने हातातला कप बशीवर असा आदळला, की कपाचा कान तुटून बिस्किटांत पडला.

पितळी पाटी कालच बसवर बसवली होती. जुन्या काळच्या एका विनोदी चित्रपटात चार सेकंद एक हिरवी दुमजली बस कोंबड्या उधळत धावते. ती हीच बस, आणि टोपीखाली चेहरा दिसत नाही तो ड्रायव्हर आपले वडील, हे विल्फ पन्नास वर्षं सांगत आला होता; पाटीवरही तेच कोरलं होतं. वडील याच डेपोत नोकरीला होते. आता डेपोत जुन्या बसप्रेमींचं मंडळ होतं, सिरिल त्याचा चिटणीस होता आणि दहा वाजता प्रदर्शन उघडायचं होतं.

"चित्रपटवाल्यांनी नंबर खोटा लावलाय," सिरिलने चित्रपटातला फोटो नाचवला. "खूण एकच. डाव्या मडगार्डवर पोचा. तुझ्या बसला आहे?"

"होता! मीच ठोकून काढला! अकरा वर्षं या बसपायी झिजलोय मी!"

"पोचा पाडला कुणी?"

"काय माहीत! बाबा म्हणायचे, 'मी नाही.'"

"मग चित्रपटातली ती आमच्या गावची बस. आमच्याही हिरव्याच होत्या." सिरिलने स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"माझ्या बापाला खोटं पाडतोस?"

"विल्फ, रक्तदाब," सँडविच कापता कापता एनिड म्हणाली. तिच्या संसाराची चाळीस वर्षं या एका वाक्यात गेली होती.

"खड्ड्यात गेला रक्तदाब! पाटी नाही, तर बसही नाही! निघालो मी!"

रागाने कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. विल्फने तणतणत बस काढली, फाटकात चाक जरा आधीच वळवलं, आणि धाड!

सिरिल फोटो घेऊन धावला. मडगार्डपाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. फाटकाच्या खांबाला लोखंडी पट्टी होती, पट्टीवर दोन जाडजूड बोल्ट होते. मडगार्डवर चंद्रकोरीसारखा पोचा, खाली दोन खळ्या. फोटोतही तसाच पोचा, तशाच दोन खळ्या.

"विल्फ," तो हळूच म्हणाला, "हा पोचा याच फाटकाचा. आमच्या बसेस इथे कधी आल्याच नाहीत. तुझीच बस रे ही."

विल्फ उतरला. "म्हणजे बाबांनीच..."

"सासरेही त्या दिवशी चिडूनच निघाले असणार," एनिड म्हणाली.

विल्फने बसकडे पाहिलं. अकरा वर्षं! तो तरातरा हातोडी घेऊन आला, तर सिरिल हात पसरून आडवा उभा.

"खबरदार! पुरावा आहे तो! ठोकलास तर पाटी उतरवीन!"

दिवसभर गर्दी पाटी वाचत होती आणि त्या खळ्यांत बोटं घालून बघत होती. शेजारी विल्फ लालबुंद होऊन उभा होता.

"आजोबा, हे कुणी केलं?" एका चिमुरडीने विचारलं.

"मी नाही," विल्फ खेकसला.